वहिनींच्या बॉटची दुरुस्ती

वहिनी, तुम्ही मंगळवारी सकाळी सहा चाळीसला गेलात. धारला, राहत्या घरी. आदल्या दिवशीपर्यंत कसलीही तक्रार नव्हती. डॉक्टरांनी हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहून दिलं आहे. मला देवासला दादाचा फोन सहा बावन्नला आला.

सव्वासातला नंदूनं गाडी काढली. माझ्या चुलतभावाचा हा मुलगा, देवासला ऑटो पार्टचं दुकान चालवतो, हे तुम्हाला सांगायला नको. पण हे इतरही वाचतील. निघताना त्यानं इतर कुणाकुणाला कळवलं आणि खात्री करून घ्यावी म्हणून तुमच्याच नंबरवर विचारलं: 'काकू गेल्या हे खरं का?' तसं त्या सकाळी दोन्ही गावांतल्या बऱ्याच जणांनी विचारलं. तुमचा नंबर सगळ्यांकडे होता, दादाचा जवळजवळ कुणाकडेच नव्हता.

तुमच्या बॉटनं सगळ्यांना उत्तर दिलं. मेसेजात 'गेले', 'गेल्या', 'वारले' किंवा 'नहीं रहे' आलं, की काय लिहायचं ते तुम्हीच त्याला शिकवलं होतं: 'अनेक आशीर्वाद. वाचून वाईट वाटलं. गेल्याची वेळ आणि गाव कळवावं, तिथी काढून देते. घरच्यांनी धीर धरावा.' खाली तुमचं नाव.

इंदूरच्या अलीकडे नंदूनं गाडी बाजूला घेतली आणि फोन माझ्यापुढे धरला.

"काका, काकूंचा मेसेज आहे. अब क्या करें, वापस चलें?"

"चल पुढे. बॉट आहे तो."

"पर भिया, इसमें तो धीर धरायला सांगतायत." आमच्याकडे काकालाही भियाच म्हणतात.

"नंदू, गाडी चालव."

तो चालवू लागला, पण बायपास संपेपर्यंत तो आशेवरच होता. धारच्या दारात पाय ठेवल्यावर तो ज्या तऱ्हेनं खाली बसला, ते तुम्ही बघितलं असतंत तर बॉटची पहिली ओळ त्याच क्षणी बदलली असती. ती ओळ मी तुम्हाला लिहून दिली होती. 'हे उत्तर यंत्रानं पाठवलं आहे.' पाच शब्द. तुम्ही ते दोनदा खोडलेत.

तुमची नोकरी, सत्कार, नालछ्याच्या शाळेतली वर्षं, यांतलं इथे काहीही लिहिणार नाही. ते इतरांनी शोकसभेत सांगितलं. बरंचसं बरोबर सांगितलं. मी लिहितो आहे ते आपल्यातल्या एका वादाबद्दल, जो निकाल न लागता राहिला.

बॉट तुम्ही का केलात, ते मला मान्य होतं. आपल्या लोकांची मुलं हिंदी शाळांतून शिकली. मराठी बोलतात, पण पंचांग पुढे ठेवलं तर वाचता येत नाही. मग सगळे तुम्हाला विचारणार. 'काकू, महालक्ष्म्या कब बैठेंगी?' 'मावशी, आमच्याकडे घारग्या की पुरणपोळी?' 'आजोबांचं श्राद्ध किस तारीख को पडेल?' फोन सकाळी सातला सुरू व्हायचा. एका हातात झारा आणि मानेत फोन अडकवून तुम्ही लोकांना तिथ्या सांगायचात आणि कढईतली पुरी जळायची. दादानं त्या वर्षांत जितक्या जळक्या पुऱ्या खाल्ल्या, तितक्या कुणी तक्रार न करता खाल्ल्या नसतील.

म्हणून सदुसष्टाव्या वर्षी तुम्ही हिंदी व्हिडिओ बघून बॉट बनवायला बसलात. जुना फोन फ्रिजवर, कायमचा चार्जरला लावलेला. त्यात ॲप. ॲपमध्ये नियम भरायचे: मेसेजात हा शब्द आला तर हे उत्तर. दुसरीकडे संगणकावर एक तक्ता, त्यात वर्षभराच्या तिथ्या आणि तारखा. गणिताच्या बाईंना हे जमणार होतंच. मी देवासहून फोनवर विचारलं, "वहिनी, एवढा खटाटोप कशाला? तारखांची यादी छापून वाटून टाकू."

"भाऊजी, यादी कोण वाचतं? विचारायचं सोपं पडतं, म्हणून विचारतात. विचारू दे की."

मी एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर तीस वर्षं काढली, म्हणून उत्तरं तपासायचं काम माझ्याकडे आलं. तुमचं पहिलं उत्तर मला आठवतं. कुणी विचारलं 'चतुर्थी कधी', तर त्याला 'चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद' इथपासून सुरुवात होऊन, घरच्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि सातव्या ओळीत तारीख. मी तारीख पहिल्या ओळीत आणली, बाकी कापलं. तुम्ही सगळं परत घातलंत.

"यंत्र झालं म्हणून काय, विचारपूस सोडायची?"

"लोकांना तारीख हवी आहे."

"तारीखच देते ना. पण आधी माणसासारखं बोलू तर द्या त्याला."

शेवटी 'अनेक आशीर्वाद' राहिलं, बाकी गेलं. या एका तहासाठी अकरा फोन झाले. पण 'हे उत्तर यंत्रानं पाठवलं आहे' यावर तुम्ही एक पाऊलही मागे आला नाहीत. लोकांना कळलं तर ते ऐकणार नाहीत, हे तुमचं म्हणणं. कळलं नाही तर ते नको तितकं ऐकतील, हे माझं.

बॉट सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात त्याची अक्कल दिसली. 'कधी' हा शब्द दिसला की तो पुढची एकादशी सांगायचा. कुणाच्या सुनेनं विचारलं, 'काकू, तुम्ही देवासला कधी येताय?' तिला एकादशी. एका दुपारी धामनोदच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यानं तुम्हाला सणाच्या शुभेच्छा पाठवल्या. त्याच्या नंबरवरही आपोआप उत्तर देणारं काहीतरी होतं. तुमच्या बॉटनं आशीर्वाद दिले, त्याच्या यंत्रानं 'आपका संदेश प्राप्त हुआ, ट्रक की स्थिति शीघ्र बताई जाएगी' म्हणून कळवलं, तुमच्या बॉटनं पुन्हा आशीर्वाद दिले. दोघं चार तास बोलत होते. संध्याकाळी फोन इतका तापला, की दादानं तो ओल्या फडक्यात गुंडाळला आणि मला विचारलं, डॉक्टरला दाखवायचा की दुरुस्तीवाल्याला. तुम्ही हसत होतात. मला हसू आलं नाही. मी म्हणालो होतो, अनोळखी नंबरांना उत्तर देऊ नये, असा नियम घाला. तुम्ही म्हणालात, "अनोळखी माणूस तर जास्त अडलेला असतो."

हे सगळं किरकोळ होतं. नंदूचं किरकोळ नव्हतं.

नंदूचे वडील हिवाळ्याच्या शेवटी गेले. वर्षश्राद्धासाठी त्यानं बॉटला विचारलं. भिंतीवरच्या कॅलेंडरावर त्यानं त्या दिवशी खूण केली होती, ती बघून लिहिलं: 'फाल्गुन कृष्ण सप्तमी'. बॉटनं तारीख दिली. नंदूनं गुरुजी सांगितले, माणसं बोलावली, श्राद्ध घातलं. धामनोदहून त्याची आत्या आली नाही. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "माझा भाऊ महाशिवरात्रीच्या सात दिवस आधी गेला आणि त्याचं श्राद्ध तुम्ही रंगपंचमी खेळून झाल्यावर घालता? वाट बघून मी महिन्यापूर्वीच इथे त्याच्या नावानं पान वाढलं." त्यानंतर ती नंदूशी बोलली नाही.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिना एकच असतो, पण वद्य पक्षात हिंदी महिना एक घर पुढे असतो. महाशिवरात्र आपली माघात, त्यांची फाल्गुनात; रात्र तीच. नंदूच्या कॅलेंडरातली फाल्गुन कृष्ण सप्तमी म्हणजे आपली माघ वद्य सप्तमी. बॉटच्या तक्त्यात महिने आपले होते. 'वद्य', 'कृष्ण' आणि 'बदी' हे तिन्ही शब्द एकच मानायचे, असा नियम तुम्हीच कौतुकानं घातला होता, मुलांना सोपं पडावं म्हणून. महिना मागे घ्यायचा नियम घातला नव्हता. तारीख सरळ एक महिना पुढची गेली. तिथी दर वर्षी तारखेच्या मागेपुढे होतेच, म्हणून कुणाला शंका आली नाही.

तुम्हाला हा फरक माहीत नव्हता असं नाही. चाळीस वर्षं तुम्ही फोनवर प्रत्येकाला आधी एकच प्रश्न विचारायचात: "हिंदी कॅलेंडर बघून सांगतोस की आपलं?" मग तिथी. हा प्रश्न इतका अंगवळणी पडला होता, की आपण तो विचारतो हे तुमच्या लक्षातच नव्हतं. बॉटला सगळं शिकवलंत, तेवढं राहिलं. मीही तपासताना उत्तरं तपासली, प्रश्न तपासले नाहीत. माझी चूक मी मान्य केली. दोनदा केली.

नंदू रडवेला होऊन धारला आला होता, मी त्याच्याबरोबर होतो. तो म्हणाला, "काकू, मी तर तेच लिहिलं जे कॅलेंडरमध्ये होतं. अब आत्या को क्या बोलूँ?" तुम्ही त्याच्यासमोर आत्याला फोन लावलात. "वन्सं, पोराचं काही चुकलं नाही. माझ्या हातून चुकलं. बोलायचं ते मला बोला." ती बोलली, तुम्ही ऐकलंत. बॉट चुकला, असं एकदाही म्हणाला नाहीत. यंत्राच्या मागे लपायची सोय होती आणि ती तुम्ही घेतली नाहीत, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, कारण मला पुढच्या मुद्द्यावर यायचं होतं.

पुढचा मुद्दा पाच दिवसांनी निघाला. बॉटमध्ये तुम्ही तो राहिलेला प्रश्न घातला होता. आता तो हिंदी की मराठी हे विचारल्याशिवाय तिथी सांगत नव्हता. तुमच्या दृष्टीनं विषय संपला होता. तुम्ही ओट्याशी मेथी निवडत होतात.

"आणि ज्यांना आधी चुकीची उत्तरं गेली त्यांचं काय?" मी विचारलं.

"आता बरोबर जातील."

"आधीची?"

"झालेली श्राद्धं परत घालायला लावू का लोकांना?"

"घालायला लावू नका. कळवा. चूक छापली की दुरुस्ती छापायची, एवढंच."

"कळवून काय होईल?"

"त्यांना माहिती होईल."

"तुमच्या पेपरात माणसाला दुसरं काही होतच नाही, माहितीच होते." तुम्ही एक जुडी संपवून दुसरी घेतलीत. "दुरुस्ती कुठल्या पानावर छापायचात तुम्ही?"

"सातव्या."

"आणि चूक?"

दादा झोपाळ्यावरून म्हणाला, "पहिल्या." त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"वहिनी, हा गमतीचा विषय नाही. एखाद्यानं वर्षातून एकदा आईच्या नावानं पान वाढायचं, आणि ते चुकीच्या दिवशी. त्याला ते माहीत असायचा हक्क आहे."

तुम्ही हात थांबवलेत. माझ्याकडे बघितलंत, जरा जास्तच वेळ.

"हे तुम्हीच म्हणताय, भाऊजी?"

"मीच म्हणतोय."

"मग म्हणा. मी पाठवणार नाही."

मला तो पेपरवाल्यांना मारलेला टोमणा वाटला. मी चहा न घेता निघालो. त्यानंतर सात आठवडे आपण बोललो नाही. मी मुद्दाम तुमच्या नंबरवर दादाची चौकशी करायचो, 'दादाची तब्येत कशी आहे' एवढंच. बॉट आशीर्वाद द्यायचा. ते तुम्ही लिहिलेलं नाही हे मला माहीत होतं आणि तरी मी आठवड्यातून दोनदा विचारत होतो. यातल्या एकाही वेळी थेट फोन लावला नाही. तुम्हीही लावला नाहीत. हट्टीपणात आपण एकमेकांना कधी कमी पडलो नाही. त्याचा हिशेब आता माझ्या एकट्याकडे आहे, आणि तो मला नको आहे.

तेराव्यानंतर दादानं संगणक उघडून दिला. पासवर्ड गॅसच्या पुस्तकात लिहून ठेवला होता. बॉट बंद करायचा होता, त्यासाठी आत जावं लागणार होतं. तिथे तिथ्यांच्या तक्त्याशेजारी दुसरा तक्ता सापडला. चुकीच्या उत्तरांची यादी. तुम्ही पाठवणार नाही म्हणाला होतात. शोधणार नाही असं म्हणाला नव्हतात, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. बावीस ओळी. नंबर, विचारलेली तिथी, दिलेली तारीख, बरोबर तारीख, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना, वही तपासल्यासारखा.

आठ जणांपुढे 'फोन करून सांगितलं' असं आहे. त्यांतल्या एकापुढे: 'हसला. म्हणाला बाबांना उशिरा जेवायची सवयच होती.' चौदा जणांपुढे नाही. त्यांचे शेरे वेगळे आहेत. 'आई गेली तेव्हा अकरा वर्षांची होती. एवढंच एक आईसाठी करते. सांगू नये.' 'नुकतं ऑपरेशन झालंय. नंतर बघू.' 'हा देवाधर्माला आताच कुठे लागलाय, परत सुटेल.' प्रत्येकाचा निकाल तुम्ही स्वतंत्र लावला होता. मी एका मजकुराची एक दुरुस्ती मागत होतो आणि तुम्ही बावीस माणसं बघत होतात. पटलं असं मी अजूनही म्हणणार नाही. पण हे मला त्या दिवशी ओट्याशी सांगितलं असतंत, तर मी चहा घेऊन गेलो असतो.

सतरावी ओळ माझ्या नंबराची आहे.

गेल्या वर्षी माझ्या बायकोच्या, कुमुदच्या श्राद्धाची तारीख मी बॉटला विचारली होती. आधीची दोन वर्षं तुम्ही ती फोनवर सांगत होतात. गेल्या वर्षी तुम्ही पुण्याला लेकीकडे होतात. मला बॉट तपासायचाही होता. ती गेली त्या दिवसाची नोंद माझ्या डायरीत आहे. तिथी मी त्या दिवशीच्या पेपराच्या नावाखालच्या ओळीतून उतरवली होती. पेपर हिंदी होता. 'आषाढ कृष्ण पंचमी' असं मी जसंच्या तसं टाइप केलं. उत्तर तीन सेकंदांत आलं. मी तुम्हाला पुण्याला कळवलं होतं, की बॉट नीट चालतो.

शेऱ्यात लिहिलंय: 'वटपौर्णिमेला आम्ही दोघी वडाला बरोबर गेलो होतो. ती पाचव्या दिवशी गेली. म्हणजे ज्येष्ठ वद्य पंचमी. भाऊजींना सांगायचं नाही.'

तक्त्यात प्रत्येक ओळीला तारीख आणि वेळ आपोआप पडते. सतरावी ओळ आपल्या वादाच्या आदल्या दिवशीची आहे, दुपारी तीन दहाची.

मी ते दादाला वाचून दाखवलं. त्यानं चष्मा लावून ती ओळ स्वतः वाचली. मग म्हणाला, "तिनं मला सांगितलं होतं."

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

"तिनं नको सांगितलं होतं."

"दादा, मी इथे बसून हक्काबिक्काचं बोलत होतो."

"हो. ऐकलं की मी." आणि पुढे म्हणाला, "तू गेल्यावर ती म्हणाली, भाऊजी बरोबर बोलतायत, तीच तर पंचाईत आहे."

वहिनी, हे तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं. बरोबर बोलतायत, एवढं तरी. बाकी तुमच्याकडे ठेवून घेतलं असतंत तरी चाललं असतं. इतक्या वर्षांत एका वादात तुम्ही मला बरोबर म्हणालात, आणि ते मी बस स्टँडवर पोचल्यावर.

दुरुस्ती पाठवायची की नाही, यावर दादा आणि मी दोन दिवस घालवले. तो म्हणाला, "तिचा शेरा आहे ना, सांगू नये." मी म्हणालो, शेरे वहिनींच्या जिवंतपणीचे आहेत, त्या होत्या तोवर चूक सांभाळायला त्या होत्या, आता कोण आहे? पुढच्या वेळी हेच चौदा जण मागची तारीख धरून आपले आपण मोजतील आणि दर वर्षी चुकतील. त्यावर तो म्हणाला, "मग लिही. पण कापाकापी फार करू नको."

मजकूर मी लिहिला, दादानं ऐकला. 'या नंबरवरून तुम्हाला मागे दिलेली श्राद्धाची तारीख एक महिना पुढची होती. तुम्ही सांगितलेली तिथी हिंदी पंचांगाची होती, हे विचारायचं राहिलं. चूक तुमची नाही. केलेलं श्राद्ध पोचलं असं समजावं. पुढची बरोबर तारीख खाली दिली आहे.' 'पोचलं असं समजावं' हे वाक्य दादाचं आहे. पुराव्याअभावी मी ते कापणार होतो. ठेवलं. अकरा वर्षांची असताना आई गेलेल्या मुलीला मी मेसेजच्या आधी फोन केला. ती म्हणाली, "काकूंना माहीत होतं?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग ठीक आहे."

प्रत्येकाची तारीख वेगळी असल्यामुळे चौदा मेसेज एकेक करून लिहावे लागले. काल दुपारी चार ते चार चाळीस या वेळात ते तुमच्या फोनवरून गेले. चौदावा माझ्या नंबरवर गेला. त्यानंतर बॉट बंद केला.

आज सकाळी नऊपर्यंत तेरा जणांनी दुरुस्ती उघडून वाचली आहे. न उघडलेला एक नंबर माझा आहे.